बायकांचं कपाट

खंड जाडजूड होता. पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झाली होती, पण 'स्त्री' एवढं वाचता येत होतं. मांडीवर घेऊन उघडला, तर मधल्या एका पानाला खिडकी पडलेली. कुणीतरी ब्लेडने चौकोन नीट कापून नेला होता. खाली उरलेल्या दोन ओळींत टाके नि साखळ्या मोजल्या होत्या, म्हणजे गेला तो क्रोशाच्या रुमालाचा नमुना. "अशी पानं पुष्कळ आहेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "झेरॉक्स नव्हतं ना तेव्हा." मला त्या अनोळखी बाईचा राग आला नाही. तिला तो नमुना फार हवा होता, एवढंच कळलं.

लहान गावच्या वाचनालयात महिला विभाग म्हणजे बहुतेकदा एक कपाट आणि खिडकीजवळचा बाक. माझी आई दुपारी मागचं आवरलं की पिशवीत पुस्तक घालून निघायची. "पुस्तक बदलून येते" म्हटलं की घरात कुणी अडवायचं नाही. तास-दीड तास ती कुठे होती, कुणाशी बोलली, याचा हिशेब द्यावा लागत नसे. त्या कपाटाने बायकांना वाचायला दिलं, तसं घराबाहेर पडायला एक कारणही दिलं, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

'स्त्री' निघालं 1930 साली, शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली, किर्लोस्करवाडीहून. लोखंडी नांगर घडवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून बायकांचं मासिक निघावं, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे विद्या बाळ 'स्त्री'त 1964 साली आल्या, 1983 ते 1986 संपादक होत्या, आणि 1989 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. घरोघरी हे अंक वाचून झाले की रद्दीत जात. वाचनालयात मात्र बारा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा चढवून त्यांना दाखल क्रमांक मिळे. म्हणून विणकामाशेजारी लग्नाबद्दलचा लेख आणि त्याच्याशेजारी पाककृती, असं एका बाईचं अख्खं डोकं आज सलग वाचायला मिळतं.

त्याच कपाटात पुस्तकंही आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', बेबी कांबळे यांचं 'जिणं आमचं', उर्मिला पवारांचं 'आयदान', आणि शिवण सुटलेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. 'कळ्यांचे निःश्वास' शोधताना तालिकेच्या खणात माझी बोटं थांबली. 1933 साली ते विभावरी शिरूरकर या नावाने आलं. त्या मूळच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. एक लेखिका, तीन नावं. कार्डावर कुणीतरी शाईने लिहिलंय, 'बेडेकर, मालती पाहा'. एवढी एक ओळ नसती, तर वाचणारीला त्या तीन वेगळ्या बायका वाटल्या असत्या.

दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी मी असेच जुने खंड मागितले. ते निर्लेखनात, म्हणजे नोंदवहीतून बाद होऊन, गेले होते. "विणकाम आणि पाककृती, कोण वाचणार?" असं मला सांगितलं गेलं. वाईट वाटलं, आणि आठवल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं ते थेट 1975 पर्यंत, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. पाचशेतली एखादी प्रत कुणीतरी जपली, म्हणून आपल्याकडे ताराबाई आहेत. कुठलं पान उद्या कुणाला लागेल, हे निर्लेखनाची यादी करणाऱ्याला कसं कळणार?

आमच्या ग्रंथपालबाई खंडांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात आणि पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढतात. कापलेल्या पानाची नोंद त्यांनी खंडाच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने केली आहे, पान क्रमांकासकट. गेल्या वर्षीचे 'साऱ्याजणी'चे बारा अंक सुतळीने बांधून टेबलाखाली ठेवलेत. बाइंडर शिमग्यानंतर येतो.