व्हिसा हाती आला, बेत बदलला... आता काय?

व्हिसा मिळाल्यानंतर प्रवासाचा बेत बदलणे हा गुन्हा नव्हे. पण कोणता बदल चालतो आणि कोणता अंगाशी येतो, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

बडोद्याचे एक मराठी जोडपे डोळ्यांसमोर आणा. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, सासूबाईंचे आजारपण यांतून इतकी वर्षे फिरायला सवड मिळाली नाही. आता मात्र युरोप पाहायचेच, असे दोघांनी ठरवले. पॅरिसमध्ये पाच रात्री, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि फ्लॉरेन्स-रोम मिळून चार, असा बारा रात्रींचा बेत आखला. सर्वांत जास्त मुक्काम फ्रान्समध्ये, म्हणून अर्ज फ्रान्सच्या वकिलातीकडे केला. यथावकाश पासपोर्ट व्हिसासह परत आले. ते देवापुढे ठेवले गेले, शेजारीपाजारी पेढेही वाटून झाले.

आठवडा उलटतो न उलटतो तोच जर्मनीतून फोन आला. श्टुटगार्टला तीस वर्षे राहणारी बाईंची थोरली बहीण जिन्यावरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. घरी बघायला कोणी नाही.

‘‘अहो, मला आता आयफेल टॉवर नको नि रोम नको. मला ताईजवळ आठ दिवस बसायचं आहे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अगं पण व्हिसा फ्रान्सचा आहे! जर्मनीत कसा चालेल?’’

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे म्हणाले, ‘‘वहिनी, एकदा व्हिसा मिळाला की कोणी विचारत नाही. विमानतळावर नुसतं पॅरिस म्हणा आणि पुढे निघा.’’ पुण्याचे मेहुणे फोनवर म्हणाले, ‘‘भलतं धाडस करू नका. बेत बदलला हे कळलं, तर पुढच्याच विमानाने परत पाठवतील.’’ एकाने भीती काढून टाकली, दुसऱ्याने नको तेवढी घातली. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे.

व्हिसा एका देशाचा, पण...

ज्याला आपण ‘फ्रान्सचा व्हिसा’ म्हणतो, तो प्रत्यक्षात शेंगेन व्हिसा असतो. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावात १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला आणि मार्च १९९५ पासून आपसातील सीमांवरची पासपोर्ट तपासणी उठवायला सुरुवात झाली. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. यातील एका देशाने दिलेला नेहमीचा अल्पमुदतीचा व्हिसा बाकीच्या सर्व देशांत चालतो. व्हिसा फ्रान्सने दिला म्हणून पहिले पाऊल फ्रान्समध्येच टाकले पाहिजे, असाही नियम नाही.

मग वकिलात निवडण्याचा नियम कशासाठी? तर या देशांनी काम वाटून घेतले आहे. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, किंवा ज्या देशात जाण्याचा मुख्य हेतू, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. अर्ज घेणारा देश तुमचा कार्यक्रम, तिकिटे, राहण्याची सोय, पैशाची तयारी हे सारे पाहून बाकीच्या देशांच्या वतीनेही निर्णय घेतो. थोडक्यात, तुम्ही सांगितलेल्या कार्यक्रमावर तो विश्वास ठेवतो. बेत बदलताना सांभाळायचा असतो तो हा विश्वास.

स्टिकरवरचे तीन रकाने

बेतात काहीही बदल करण्यापूर्वी पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर भिंगाखाली धरल्यासारखा वाचावा. बहुतेक घोटाळे तो न वाचल्यामुळे होतात.

पहिला रकाना मुदतीचा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. दुसरा मुक्कामाच्या दिवसांचा. या दोहोंत गल्लत करू नये. आपल्या जोडप्याचा प्रवास १० मे ते २२ मे असा होता. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरला जातो, म्हणून रात्री बारा असल्या तरी दिवस तेरा होतात. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाच्या मुदतीत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची सवलत जोडलेली असते. त्यामुळे स्टिकरवर १० मे ते ६ जून अशी मुदत आणि मुक्काम १३ दिवस असे लिहिलेले असू शकते. याचा अर्थ ६ जूनपर्यंत हवे तितके राहा, असा नव्हे. या काळातले कोणतेही १३ दिवस, एवढाच. पण त्यामुळे एक सोय होते. काही अडचणीने प्रवास आठवडाभर पुढे ढकलून १७ ते २९ मे असा केला, तरी व्हिसा चालतो. विमान रात्री साडेअकराला उतरले, तरी तो एक दिवस मोजला जातो, हे मात्र विसरू नये.

तिसरा रकाना किती वेळा प्रवेश करता येईल याचा. तिथे ‘एक’ असेल, तर शेंगेन देशांच्या हद्दीबाहेर पडताच व्हिसा संपला, मग दिवस कितीही उरलेले असोत. ‘पॅरिसहून लंडन जवळच आहे, दोन दिवस भाच्याकडे जाऊन येऊ’ असे म्हणणारे इथे फसतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतोच, शिवाय परत येताना फ्रान्सचे दार बंद असते. आयर्लंडही शेंगेनमध्ये नाही. उलट स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे जाण्यात अडचण नाही.

खरा बदल आणि बनाव

नियमांच्या पुस्तकात या बाबतीत एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. २००९ च्या युरोपीय व्हिसा संहितेनुसार दिलेला व्हिसा दोन प्रकारे जाऊ शकतो. व्हिसा देतानाच अटी पूर्ण झालेल्या नव्हत्या, विशेषतः तो फसवणुकीने मिळवला असे मानायला सबळ कारण असेल, तर तो मुळापासून रद्द ठरवला जातो. देताना सारे ठीक होते, पण नंतर अटी पूर्ण होईनाशा झाल्या, तर तो मागे घेतला जातो. एखादा कागद सीमेवर दाखवता आला नाही, एवढ्यावरून मात्र व्हिसा आपोआप रद्द होत नाही, हेही त्याच संहितेत लिहिलेले आहे.

आता दोन कुटुंबे शेजारी ठेवून पाहा. एकाने पॅरिसचा बेत मनापासून आखला आणि नंतर बहीण आजारी पडली. दुसऱ्याला पहिल्यापासून जर्मनीलाच जायचे होते, पण तिकडे अर्जासाठी लवकर तारीख मिळेना. एजंटने सुचवले, ‘‘दुसऱ्या देशात अर्ज टाकू. हॉटेलचं बुकिंग दाखवू आणि व्हिसा आला की रद्द करू.’’ प्रवासात दोन्ही कुटुंबे जर्मनीतच असतील. बाहेरून फरक दिसत नाही. पण पहिल्याचा बेत बदलला आहे, दुसऱ्याने बेत कधी सांगितलेलाच नव्हता.

या बनावाची किंमत एका सहलीपुरती नसते. भारतातून अर्ज करणाऱ्यांची माहिती आणि बोटांचे ठसे २०१५ पासून युरोपच्या सामाईक व्हिसा नोंदवहीत जातात. नकार, रद्द झालेला व्हिसा, सारे तिथे दिसते. पुढे मुलाला शिकायला जायचे असेल, सुनेच्या बाळंतपणाला आईला जायचे असेल, तेव्हा अर्जदाराच्या नावासमोरची जुनी नोंद पुन्हा डोके वर काढते. एजंट त्या वेळी शोधूनही सापडत नाही. अर्जावर सही आपली असते, त्याची नसते.

मग बाईंनी काय करावे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मूळ बेताचा कणा शाबूत ठेवायचा. पॅरिसच्या पाच रात्री तशाच ठेवून स्वित्झर्लंड किंवा इटलीऐवजी चार रात्री श्टुटगार्टला काढल्या, तर मुख्य मुक्काम फ्रान्समध्येच राहतो. पॅरिसहून श्टुटगार्टला थेट आगगाडी आहे, सव्वातीन तासांच्या आसपास पोहोचते. असा किरकोळ बदल, हॉटेल बदलणे, शहरांचा क्रम पुढे-मागे करणे, हे प्रवासात चालायचेच.

पण बाईंना बहिणीजवळ आठ-नऊ दिवस हवेत. म्हणजे मुख्य मुक्काम जर्मनीत आणि हेतूही बदललेला. अशा वेळी गप्प बसण्यापेक्षा व्हिसा देणाऱ्या वकिलातीला लिहून कळवणे शहाणपणाचे. पत्र दोन परिच्छेदांचे पुरे: मूळ कार्यक्रम काय होता, कोणत्या तारखेला काय घडले, नवा कार्यक्रम कसा आहे. सोबत इस्पितळाच्या कागदाची प्रत आणि बहिणीचे, पत्ता असलेले निमंत्रणपत्र. पत्राची प्रत आणि उत्तर आले तर तेही जवळ ठेवावे. वकिलातीने जर्मनीकडे नव्याने अर्ज करायला सांगितले, तर तसे करावे. जुना व्हिसा मागे घ्यावा, अशी विनंती स्वतः व्हिसाधारकालाही करता येते.

नुसता व्हिसा आहे म्हणून प्रवेशाचा हक्क मिळत नाही. कुठे जाणार, कशासाठी, राहणार कुठे, पैसे किती आणलेत, हे सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो आणि अखेरचा निर्णय त्याचा असतो. तिथे ‘नुसतं पॅरिस म्हणा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला सर्वांत घातक. पतीने ‘पॅरिस’ म्हणावे, पत्नीने गोंधळून ‘ताईकडे’ म्हणावे आणि पिशवीत श्टुटगार्टची तिकिटे निघावीत, म्हणजे खरे कारणही खोटे वाटू लागते. त्यापेक्षा ‘‘बहिणीची शस्त्रक्रिया झाली, म्हणून बेत बदलला. हे कागद,’’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. खरे बोलणाऱ्याला पाठांतर करावे लागत नाही.

आपसातल्या सीमांवर तपासणी नसते, या भरवशावर पासपोर्ट हॉटेलात ठेवून आगगाडीत बसू नये. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली होती. अशी तपासणी कोणताही देश गरजेनुसार सुरू करू शकतो.

विमा आणि दिवसांचा हिशेब

बेत बदलला की हॉटेल आणि तिकिटे लगेच आठवतात, विम्याचा मात्र सर्वांना विसर पडतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. तारखा पुढे गेल्या, तर निघण्यापूर्वीच कंपनीकडून विम्याच्या तारखाही बदलून घ्याव्यात. नाहीतर बहिणीला भेटायला गेलेल्या माणसाला स्वतःच्या आजारपणाचे बिल खिशातून भरावे लागायचे.

बहिणीची प्रकृती आणखी बिघडली आणि तेरा दिवस पुरले नाहीत तर? गुपचूप राहून जाणे हा मार्ग नव्हे. मुदत संपण्याआधी तिथल्या परकीय नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढ मागता येते. अनपेक्षित आपत्ती किंवा माणुसकीचे कारण पटले, तर त्यासाठी शुल्क नसते. गंभीर वैयक्तिक कारणासाठी ३० युरो पडतात. पण ‘आणखी थोडे फिरायचे आहे’ हे कारण त्यात बसत नाही. एक-दोन दिवसांनी कोणाच्या लक्षात येणार, असेही समजू नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी आल्या-गेल्याची नोंद संगणकावर घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. यंत्राची मोजणी चुकत नाही आणि ते विसरतही नाही.

जाणेच रद्द झाले तर?

कधी कधी जाणेच होत नाही. घरात आजारपण येते, लग्नाची तारीख आडवी येते. व्हिसा न वापरणे हा दोष नाही. अर्जाचे शुल्क मात्र परत मिळत नाही. जून २०२४ पासून ते मोठ्यांसाठी ९० युरो झाले. आणखी एक तोटा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नवी सवलत आणली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. इथे ‘वापरले’ हा शब्द महत्त्वाचा. कपाटात पडून राहिलेला व्हिसा या हिशेबात उपयोगी पडत नाही. न जाण्याचे कारण दाखवणारे कागद मात्र जपून ठेवावेत, पुढच्या अर्जाच्या वेळी ते कामी येतात.

बडोद्याच्या बाईंच्या हाती आता एक फाइल असेल. वर वकिलातीला लिहिलेल्या पत्राची प्रत, खाली इस्पितळाचा कागद, ताईच्या हातचे निमंत्रणपत्र, बदललेली तिकिटे आणि विमा. पेढे वाटताना ज्यांना पॅरिस सांगितले होते, त्यांनाही आता खरे कारण सांगता येईल आणि सीमेवरच्या खिडकीपाशीही तेच. आयफेल टॉवर कुठे जात नाही, तो पुढच्या वर्षीही पाहता येईल. ताईजवळ बसण्याचे दिवस मात्र हेच आहेत.