घोटभर पाणी

जेवताना कोणाला ठसका लागला, की आपल्या घरांतून एक ठरलेला सोहळा होतो. आई नाहीतर आजी लगबगीने उठते, डोक्यावर दोन थापट्या मारते, ‘वर बघ, वर बघ!’ म्हणते आणि पाण्याचे भांडे तोंडाशी धरते. क्षणभराने डोळे पुसून मंडळी पुन्हा आमटीभाताकडे वळतात. कोणीतरी आठवण काढली असेल, असे म्हणून त्या ठसक्याची बोळवण होते.

मान वर करणे आणि घोटभर पाणी पाजणे, या दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. पण मोठ्या न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या बाबतीत त्याच जिवावर बेतू शकतात, हे मला २०२१ पर्यंत ठाऊक नव्हते.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे मामा सोळा दिवस व्हेंटिलेटरवर होते. पुढे घशातली नळी निघाली, ताप उतरला आणि आठवड्याभरात ते घरी आले. आवाज पार बसलेला, अंगात त्राण नाही. पण माणूस घरी आला यातच सारे भरून पावले. मामी दर तासाला उशाशी बसून चमच्याने पाणी, नारळपाणी, मोसंब्याचा रस पाजीत. मामा आडवेच असत. त्यांना खोकलाही येत नसे. तेव्हा सारे सुरळीत चालले आहे, अशीच सर्वांची समजूत. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. पुन्हा न्यूमोनिया! या खेपेला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “यांना पाणी कोण पाजते? आणि कसे?” मामींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

घशातला चव्हाटा

घसा म्हणजे एक चव्हाटाच आहे. वरून नाक आणि तोंड असे दोन रस्ते येऊन मिळतात, खाली श्वासनलिका आणि अन्ननलिका असे दोन फुटतात. त्यातही हवेची वाट पुढे आणि अन्नाची मागे. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या दारावरूनच पुढे जावे लागते!

मग आपण रोज गुदमरत कसे नाही? गळ्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. कंठमणी टुणकन वर गेलेला कळेल. त्या एका हालचालीत केवढा बंदोबस्त होतो! टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, कंठ वर आणि पुढे सरकतो, त्यावरचे झाकण मिटते, त्याखाली स्वरतंतू एकमेकांना भिडतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. तिसाहून अधिक स्नायू यात राबतात आणि घशातले हे सारे काम जेमतेम एका सेकंदात आटोपते.

आता व्हेंटिलेटरची नळी आठवा. तोंडातून जाणारी ती करंगळीएवढी नळी नेमकी दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते. जीव तिनेच वाचतो. पण ती दिवसेंदिवस तिथे राहिली, की स्वरतंतूंना सूज येते, कधी जखम होते. कंठाची संवेदना बोथट होते. गिळण्याचे स्नायू बसून बसून दुबळे होतात. प्लास्टर काढलेला पाय कसा बारीक झालेला असतो, तसेच. नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. नळी काढल्यानंतर किती जणांना गिळताना त्रास होतो, याच्या निरनिराळ्या पाहण्यांचा एक आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे ३ टक्क्यांपासून थेट ६२ टक्क्यांपर्यंत होते. रुग्ण कोणते निवडले आणि तपासणी कशी केली, यावर हा फरक अवलंबून असतो.

शिवाय श्वासाचा हिशेब आहेच. निरोगी माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. दमलेली फुप्फुसे तीस घेऊ लागली, तर एका श्वासाला दोनच सेकंद मिळतात. त्यातला एक घासाला द्यायचा कसा? मग गिळणे अर्धवट असतानाच श्वास आत ओढला जातो, आणि त्याबरोबर पाणीही.

कोपनहेगनची गोष्ट

श्वास आणि घास यांचे हे नाते डॉक्टरांना फार महागात शिकावे लागले. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. अनेकांचा घसाच लुळा पडला होता. स्वतःची लाळ गिळता न आल्याने ती फुप्फुसात उतरे. ब्लेगडॅम इस्पितळात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची ही पायाभरणी. गिळता न आल्याने जाणारे प्राण वाचवण्यासाठी जी नळी पुढे आली, तिच्याच आजच्या बहिणीमुळे गिळणे बिघडावे, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

न येणारा ठसका

मामांना ठसका येत नव्हता, हीच खरी धोक्याची खूण होती. ठसका हा घशाचा पहारेकरी. संवेदना बोथट झाली की पहारेकरी झोपी जातो आणि पाणी चोरपावलांनी फुप्फुसात शिरते. पाणी पातळ, चपळ. दुबळ्या घशाला ते आवरत नाही. ज्याला आपण सर्वांत निरुपद्रवी समजतो, तेच येथे सर्वांत अवघड!

म्हणून घरच्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. गिळल्यावर आवाज घशात पाणी खुळखुळल्यासारखा ओला येतो का? एकच घास दोनतीनदा गिळावा लागतो का? जेवताना धाप लागते का? वजन घटते आहे का, ताप फिरून येतो का? यांपैकी काही दिसले, तर ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून बसू नये. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली गिळणे प्रत्यक्ष पाहता येते.

हे काम बहुधा स्पीच थेरपिस्टकडे असते. ‘आमच्या माणसाला बोलता येते, मग बोलणे शिकवणारा कशाला?’ असे मामींनीही विचारले होते. पण बोलण्याची आणि गिळण्याची अवजारे एकच! मामांना पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसवण्यात आले. पाणी काही दिवस दाटसर करून, लहान चमच्याने. घास तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे झुकवायची आणि मग गिळायचे. म्हणजे ‘वर बघ’च्या नेमके उलट. जेवल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. दोन वेळा दात आणि जीभ स्वच्छ, कारण तोंडातले जंतूच पाण्याबरोबर फुप्फुसात जातात. हनुवटी झुकवणे किंवा पाणी दाट करणे प्रत्येकालाच मानवते असे नाही. ते तपासणीनंतरच ठरवावे.

आणि घरच्यांनी एक करावे : आग्रह सोडावा. ‘माझ्यासाठी एक घास’ हे शब्द या आजारात फार जड असतात. मामा ताट दूर सारीत, तेव्हा आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो. खरे तर त्यांना भीती वाटत होती, आणि ती सांगायला आवाज नव्हता.

बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत परत येते, काहींना महिने लागतात. मामांना पाच महिने लागले. ‘माझ्याच हातांनी पाजले हो,’ असे मामी कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. त्या वर्षीच्या दिवाळीला मामा पाटाऐवजी खुर्चीत ताठ बसले. आधी अनारसा, मग अगदी शेवटी चमचाभर चिवडा. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच फुलपात्र उचलले, हनुवटी झुकवली आणि साध्या पाण्याचा एक घोट घेतला. सारे घर श्वास रोखून पाहत होते. मामांना बारीकसा ठसका लागला, चांगला खणखणीत. सवयीने कोणीतरी उठू लागले, तशी मामींनी हाताने त्याला खाली बसवले. “येऊ दे,” त्या म्हणाल्या, “पहारेकरी जागा झालाय.”