निद्रानाश, कर्करोगोत्तर

कर्करोगावरील उपचार पूर्ण झाल्यावरही झोप न लागणे, रात्री वारंवार जाग येणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, या अवस्थेस कर्करोगोत्तर निद्रानाश म्हणतात. ही तक्रार आठवड्यातून किमान तीन रात्री याप्रमाणे तीन महिने टिकल्यास तो चिरकारी समजला जातो.

कारणे : वेदना, स्टेरॉइड औषधे, हॉर्मोन-उपचारांमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफा आणि रोग उलटण्याची भीती यांमुळे निद्रानाशाचा आरंभ होतो. तो टिकून राहतो मात्र बव्हंशी सवयींमुळे. आजाऱ्याने पडून राहावे, असा घरच्यांचा प्रेमळ आग्रह असतो. दिवसा डुलक्या घेतल्याने व रात्री लवकर अंथरुणास पाठ टेकल्याने झोप विरळ होते आणि अंथरूण हे जागरणाचे व काळजीचे स्थान बनते.

चिकित्सा : ही साखळी तोडणे हे वर्तनचिकित्सेचे उद्दिष्ट होय. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार झोप आल्यावरच अंथरुणावर जावयाचे, झोप न लागल्यास उठावयाचे व सकाळी ठराविक वेळीच उठावयाचे असते. आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील पद्धतीत अंथरुणावरील काळ मर्यादित करतात. उदा., आठ तास पडून पाचच तास झोप लागत असेल, तर निद्राक्षमता ६२·५ टक्के होते. अशा व्यक्तीस आरंभी सु. साडेपाच तासच अंथरुणावर राहण्यास सांगतात व क्षमता ८५ टक्क्यांवर गेली की, हा काळ थोडाथोडा वाढवितात. यांस शिथिलीकरण व भयकारक विचारांची तपासणी यांची जोड देतात. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६० कर्करोगमुक्त व्यक्तींवरील चाचणीत ही चिकित्सा ॲक्युपंक्चरपेक्षा अधिक गुणकारी ठरली. तथापि दोन्हींनी झोप सुधारली.

दूरस्थ चिकित्सा व भाषा : या चिकित्सेत उपकरण लागत नाही, सारे कार्य शब्दांनी होते. त्यामुळे ती दूरध्वनीवरून देता येते. परंतु रुग्णाची भाषा तीत निर्णायक ठरते. अमेरिकेत स्पॅनिश भाषकांसाठी ती त्यांच्या भाषेत दुरून देण्याचे प्रयत्न याच कारणाने झाले. खानदेशातही हीच निकड आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) जळगावपासून लोहमार्गाने सु. ४२० किमी. दूर आहे. तेथे उपचार घेऊन परतलेल्या रुग्णास केवळ झोपेसाठी दर आठवड्यास जाणे परवडत नाही. धुळे व जळगाव परिसरांत घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्यांना मनातील भीती प्रमाण मराठीत सांगणे अवघड जाऊ शकते. लिहिता न येणाऱ्या रुग्णाची निद्रानोंद दूरध्वनीवर तोंडी घेता येते.

सूचनाही स्थानिक जीवनास अनुरूप कराव्या लागतात. एकाच खोलीत कुटुंब झोपत असल्यास ‘दुसऱ्या खोलीत जा’ या सूचनेऐवजी ओट्यावर बसण्यास सांगणे योग्य. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते, तेव्हा गच्चीवर वा अंगणात टाकलेली खाट हेच अंथरूण मानावे लागते. शेतीपंपांस रात्री वीज मिळते तेव्हा पाणी देण्यासाठी जागणाऱ्या शेतकऱ्याचे वेळापत्रक त्यानुसार आखावे लागते.

केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा (क्रमांक १४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तीवर मराठीत मानसिक आरोग्यविषयक समुपदेशन मिळते. मात्र वर्तनचिकित्सेचा क्रम सामान्यतः चार ते आठ बैठकांचा असतो व तोच प्रशिक्षित चिकित्सक सलग लाभणे इष्ट असते.

मर्यादा : अपस्मार, द्विध्रुवी विकार किंवा झोपेत श्वास अडणे हे विकार असल्यास झोपेचा काळ वैद्यकीय देखरेखीविना कमी करू नये. नव्याने उद्‌भवलेल्या वेदनेमुळे झोप मोडत असल्यास प्रथम कर्करोगतज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. झोपेची औषधे स्वतःहून एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.