शेतीची यंत्रे (लेखांक ९) : पलटी नांगराचे दोन पाइप

पलटी नांगर जोडताना आधी वजन, मग तेल. सपाट जागी ट्रॅक्टर मागे घेऊन पहिल्यांदा डावी लोअर लिंक नांगराच्या पिनेवर चढवतात, मग उजवी आणि शेवटी टॉप लिंक. उजवी दुसरी, कारण बहुतेक ट्रॅक्टरांत उंची कमीजास्त करण्याची सोय त्या बाजूला असते; डावी बसल्यावर राहिलेला फरक तिथे काढता येतो. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसनची. १९३६ साली विक्रीला आलेल्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर ती होती.

नवखा चालक अडतो तो पाइपांपाशी. नांगर उलटवणारा जॅक डबल ॲक्टिंग असतो: एका पाइपातून तेल आत जाते, तेव्हा दुसऱ्यातून परत येते. डंपिंग ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली बसते, म्हणून तिला बहुधा एकच पाइप पुरतो. साध्या जॅकचे दोन पाइप अदलाबदल झाले तर लिव्हर उलटा चालतो, एवढेच. एका पाइपाला रंगीत टेप गुंडाळली की तेही टळते.

कपलर जोडण्याआधी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसायची. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते. कपलरला चिकटलेली चिमूटभर माती त्या तेलात उतरते आणि व्हॉल्व्हच्या केसाहून बारीक फटींत ओरखडे पाडते. चार ट्रॅक्टरांमागे फिरणारी ट्रॉली याच कारणाने घातक. एकाचे तेल तिच्या जॅकमधून दुसऱ्यात जाते.

कपलर बसतच नाही, ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. सोडून ठेवलेल्या नांगराचे पाइप उन्हात तापतात, आतले तेल फुगते आणि तोंडाची झडप आतून दाबून धरते. मग हातोडी बाहेर निघते. झडप चेपते आणि कायमची गळू लागते. खरा उपाय आदल्या खेपेचा आहे: नांगर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायचे, लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवायचा, मगच पाइप काढून त्यांना टोप्या लावायच्या.

कपलर ‘टक्’ आवाज करून बसला नाही तर अर्धवट जोडणी धोका देते. ट्रॉली वर जाते आणि खाली येतच नाही, कारण तेलाची परतीची वाट बंद असते. अशा वेळी टेकू न लावता तिच्याखाली शिरणे जिवावरचे.

गळती हाताने चाचपत नाहीत, पुठ्ठा फिरवून पाहतात. दाबाखालची तेलाची धार कातडीतून आत घुसते. टाचणी टोचल्याएवढी खूण दिसली तरी लगेच इस्पितळ गाठावे लागते.

जोडणीनंतर नांगर रिकामाच चार-पाच वेळा उलटवला की जॅकमधली हवा निघते. नव्या जॅकने पोटात तेल घेतलेले असते, म्हणून त्यानंतर डिपस्टिक पाहून तेवढी भर घालतात.