लकव्यानंतर बोलता येत नाही, पण गाणं म्हणता येतं, असं का?

लकवा झालेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की बहुतेक घरांत सारखंच चित्र दिसतं. पडवीत खाट, उशाशी गोळ्या आणि दिवसभर शांतता. "पडू द्या, त्रास नको," असं घरचे म्हणतात. पण बरं होणाऱ्या मेंदूला काम लागतं, आणि गाणं हे असंच एक सोपं काम आहे.

लकवा म्हणजे काय?
मेंदूच्या एका भागाचं रक्त थांबतं. बहुतेक वेळा नसेत गुठळी अडकते, कधी नस फुटते. पाटाचं पाणी अडलं की पुढचा वाफा वाळतो, तसंच हे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारचे भाग त्यांचं काम थोडंफार शिकून घेतात.

अभ्यासात काय दिसलं?
फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी 60 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्याने पुस्तकांचं वाचन ऐकलं, तिसऱ्याला दोन्ही नाही. औषधोपचार मात्र सगळ्यांनाच चालू होते. 2008 मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी शब्द लक्षात ठेवण्याची ताकद गाण्याच्या गटात 60 टक्के सुधारली, पुस्तकाच्या गटात 18 आणि तिसऱ्या गटात 29 टक्के. गाणी ऐकणारे उदासही कमी होते. पुढे एमआरआयमध्ये त्यांच्या मेंदूच्या पुढच्या काही भागांत वाढ दिसली. अभ्यास लहान होता, पण दिशा दाखवणारा आहे.

बोलणं गेलं, गाणं राहिलं
बहुतेकांचं बोलणं मेंदूची डावी बाजू सांभाळते. गाण्यात उजवी बाजूही कामाला येते. म्हणून डाव्या बाजूला इजा झाल्यावर "पाणी" म्हणता न येणारा माणूस पाठ असलेला अभंग म्हणू शकतो. याच आधारावर अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये एक उपचार मांडला. रोजची छोटी वाक्यं चालीवर म्हणायची आणि डाव्या हाताने ठेका धरायचा.

घरी काय करता येईल?
- भजन, लावणी, जुनी सिनेमाची गाणी. रुग्णाला जे आवडतं तेच लावा.
- रोज तासभर, बेताच्या आवाजात. थकवा आला तर बंद करा.
- जवळ बसून सोबत म्हणा.
- बीपीच्या गोळ्या आणि व्यायाम चुकवू नका. गाणं हे औषधाच्या जागी नाही, औषधासोबत आहे.

हे आधी लक्षात ठेवा
तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅन पाहून. झाडपाला, मालिश यात तो वेळ घालवू नका. "सकाळी बघू" म्हणून तर मुळीच थांबू नका.