सोयाबीनचा हमीभाव: जाहीर जूनच्या आधी, खरेदी नोव्हेंबरात

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. आदल्या हंगामात तो ४,८९२ होता. ४३६ रुपयांची वाढ कमी नाही. तरीही ऑक्टोबरात मराठवाड्यात किंवा विदर्भात कोणाला विचारले असते, तर हमीभावाने सोयाबीन विकलेला शेतकरी शोधावा लागला असता. कारण महाराष्ट्रात त्या हंगामाची सरकारी खरेदी सुरू झाली ती १५ नोव्हेंबरला, आणि सोयाबीनची काढणी सुरू होते सप्टेंबरच्या शेवटी.

हमीभाव किती असावा यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. तो केव्हा आणि कुठल्या काट्यावर मिळतो, यावर फार कमी. महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन असते आणि ते बहुतांशी कोरडवाहू शेतकऱ्याचे एकमेव नगदी पीक आहे. म्हणून ही सगळी यंत्रणा या एका पिकाच्या बाबतीत कशी चालते ते नीट पाहू.

आकडा येतो कुठून

हमीभावाची शिफारस करतो कृषी खर्च व मूल्य आयोग. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग म्हणून तो स्थापन झाला आणि १९८५ मध्ये त्याच्या नावात ‘खर्च’ आला. आयोग राज्याराज्यांतून उत्पादन खर्चाची आकडेवारी घेतो, त्यांची सरासरी काढतो, शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळ निर्णय घेते. ऊस वगळता २२ पिकांना हमीभाव आहे. उसासाठी एफआरपीची, म्हणजे रास्त व किफायतशीर दराची, वेगळी व्यवस्था आहे.

वादाचा मुद्दा आहे तो खर्च म्हणजे काय धरायचे हा. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी, डिझेल असा रोख खर्च म्हणजे ‘ए२’. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवली की ‘ए२ अधिक एफएल’. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व गुंतवलेल्या भांडवलावरचे व्याजही धरले की ‘सी२’. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के नफा सुचवला आणि शेतकरी संघटना तो ‘सी२’ वर मागतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ‘दीडपट हमीभाव’ आला तो ‘ए२ अधिक एफएल’ वर. सोयाबीनचा हिशेब पडताळून पाहा: २०२५-२६ साठी हा खर्च ३,५५२ रुपये धरला आहे, त्याची दीडपट बरोबर ५,३२८.

मला यातली खरी अडचण सरासरीत दिसते. एकरी नऊ-दहा क्विंटल काढणारा शेतकरी आणि पावसाने ओढ दिल्यामुळे चार क्विंटलवर थांबलेला शेतकरी यांचा क्विंटलमागचा खर्च सारखा असूच शकत नाही. दुबार पेरणी करावी लागली किंवा पीक येलो मोझॅक रोगात सापडले, तर दीडपटीचा हिशेब त्या शेतकऱ्यापुरता तिथेच संपतो.

हमी कोण देतो

हमीभावाला केंद्रीय कायद्याचे बळ नाही, तो सरकारचा प्रशासकीय निर्णय आहे. याच कारणाने २०२१ मध्ये केंद्राने आपले तीन कृषी कायदे मागे घेतल्यानंतरही कायदेशीर हमीभावाची मागणी मिटली नाही. सरकार स्वतः खरेदीला उतरते तिथेच हमीभाव हमीचा असतो. पंजाब-हरियाणात गहू आणि तांदूळ भारतीय अन्न महामंडळासाठी वर्षानुवर्षे उचलला जातो, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला हा आकडा आपला वाटतो. देशभराचे चित्र वेगळे आहे. शांताकुमार समितीने २०१५ मध्ये नमुना पाहणीच्या आधारे सांगितले होते की सरकारी खरेदी संस्थांना माल विकून हमीभावाचा लाभ घेणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के आहेत.

सोयाबीनची खरेदी २०१८ मध्ये आलेल्या ‘पीएम-आशा’ छत्राखाली, मूल्य समर्थन योजनेतून होते. केंद्राच्या वतीने नाफेड आणि एनसीसीएफ खरेदी करतात. जिल्ह्यात हे काम राज्य सहकारी पणन महासंघ, विदर्भ सहकारी पणन महासंघ, तालुक्याचे खरेदी-विक्री संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडे येते. शेतकऱ्याने आधार, पीकपेरा नोंदलेला सातबारा आणि बँकेचे पासबुक देऊन नाव नोंदवायचे, मोबाइलवर संदेश येण्याची वाट पाहायची आणि त्या दिवशी माल घेऊन केंद्रावर जायचे. हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादाही आधीच ठरलेली असते.

आडतीवर सौदा कसा होतो

केंद्र सुरू नसेल तर माल जातो बाजार समितीत, नाही तर गावातल्याच व्यापाऱ्याकडे. लातूरसारख्या बाजारात हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप लागलेले असतात. आडत्याच्या दुकानासमोर कट्टे रिकामे होतात आणि ढीग लागतो. खरेदीदार ढिगात हात घालून मधला माल काढतो, दोन-चार दाणे दाताखाली धरतो. कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मग ओलावा मोजायचे यंत्र येते. पावसात भिजून डागी झालेला किंवा मातेरे जास्त असलेला माल वेगळ्या भावाने पुकारला जातो. सौदा होतो, मापाडी वजन करतो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते.

भाव पुकारला जातो त्या क्षणी शेतकऱ्याकडे दोन पर्याय असतात: भाव मान्य करायचा, नाही तर कट्टे पुन्हा भरून भाड्याच्या गाडीने घरी न्यायचे. घरी नेलेला माल ठेवायला कोरडी जागा लागते. पत्र्याच्या एका खोलीत माणसेही राहतात आणि सोयाबीनही, अशी घरे हजारो आहेत. शिवाय हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे हवे असतात, कृषी सेवा केंद्राची उधारी दिवाळीपर्यंतच्या बोलीवर घेतलेली असते, मळणीवाला दारात उभा असतो. भाव पाडायला कोणाला कट रचावा लागत नाही. शेतकऱ्याची ही नड साऱ्या बाजाराला ठाऊक असते.

सहा टक्के ओलाव्याची किंमत

सरकारी केंद्र १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला माल घेते. परतीच्या पावसानंतर काढलेल्या सोयाबीनमध्ये तो १८ टक्के किंवा त्याहूनही जास्त भरतो. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर वजन सुमारे ९३ किलो राहते, म्हणजे सात किलो पाणी उडाले. २०२४-२५ च्या ४,८९२ या भावाने त्या ९३ किलोंचे सुमारे ४,५५० रुपये होतात. त्या हंगामात बाजारात बरेच सोयाबीन ४,००० ते ४,३०० च्या आसपास विकले गेले. वजनातली घट सोसूनही वाळवून सरकारी काट्यावर दिलेला माल फायद्याचा होता. फक्त वाळवायला चार दिवसांचे ऊन, पसरायला खळे आणि तेवढे दिवस थांबायची ऐपत हवी.

त्या वर्षी ओरड झाल्यावर, विधानसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. निर्णय योग्य होता. पण तोपर्यंत ज्यांचा माल सर्वांत ओला होता, त्यांनी तो विकून टाकला होता.

काट्याचे वेळापत्रक

२०२४-२५ ची खरेदी ऑक्टोबरच्या मध्याला सुरू झाली, रखडत चालली, मध्येच बारदाना संपला, मुदतवाढ द्यावी लागली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती बंद झाली. महाराष्ट्रात सुमारे ११ लाख टन सोयाबीन घेतले गेले. राज्यासाठी हा मोठा आकडा आहे आणि काम करणाऱ्या यंत्रणेला त्याचे श्रेय द्यायला हवे. तरीही तो राज्याच्या उत्पादनाच्या पाव हिश्शाहून कमी आहे आणि मोजमाप झाले तेव्हा लहान शेतकऱ्यांचा बराच माल घराबाहेर गेलेला होता.

पुढच्या वर्षी नोंदणीच ३० ऑक्टोबरला सुरू झाली. सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली होती. वाचलेले सोयाबीन हाती घेऊन शेतकरी बाजारात उभा होता, तेव्हा सरकारी काटा मांडलेला नव्हता.

उशिराने आणखी एक नुकसान होते. सरकारी काटा वेळेवर लागला तर त्याच्या धाकाने शेजारच्या आडतीवरचा भावही थोडा सावरतो, कारण माल घेणारा दुसरा कोणीतरी आहे हे खरेदीदाराला दिसत असते. महिनाभर केंद्र बंद राहिले की हा धाकही राहत नाही. हमीभावात शंभर रुपये वाढवण्यापेक्षा पंधरा दिवस आधी केंद्र उघडणे लहान शेतकऱ्याच्या जास्त उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाव मुळात का पडतो

सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो, पण गाळपात तेल निघते साधारण १८ टक्के आणि बाकी बहुतेक सगळी पेंड असते. पेंडीला उठाव असला तरच कारखानदार चढा भाव देऊ शकतो. मक्यापासून इथेनॉल करण्याचे प्रमाण वाढल्यावर त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीची मागणी दबली. इंधनाचे धोरण ठरवताना सोयाबीन उत्पादकाचा विचार कोणी केला होता असे दिसत नाही.

तेलाच्या बाजूला आयात आहे. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेतला निम्म्याहून अधिक वाटा बाहेरून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावले. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले. त्याआधी २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन १०,००० रुपयांच्या घरात गेले तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. ती बंदी पुढे वारंवार वाढवली गेली.

ग्राहकाला तेल परवडले पाहिजे, यात वाद नाही. पण भाव चढला की सरकार काही आठवड्यांत हलते आणि पडला की काटा लावायला महिना उलटतो. चाकण-नाशिकच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी नेते शरद जोशी हेच मांडत आले. शेतकऱ्याला मिळते त्याहून अधिक धोरणातून काढून घेतले जाते, याला ते ‘उणे सबसिडी’ म्हणत.

खात्यावर येणारे पैसे

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेतून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने त्यात २०२३ पासून आणखी ६,००० घातले. बारा हजार रुपये थेट खात्यावर येतात, कोणाच्या दारात जावे लागत नाही, हे मोलाचेच आहे.

आता दोन एकरांचा शेतकरी घ्या. एकरी सात क्विंटल धरले तर चौदा क्विंटल सोयाबीन. ४,८९२ चा हमीभाव असताना त्याने ४,१०० ने विकले तर क्विंटलमागे ७९२ रुपये गेले, चौदा क्विंटलांमागे ११,०८८. दोन्ही सरकारांनी मिळून वर्षभरात जे दिले ते एका पिकाच्या एका विक्रीत जवळजवळ परत गेले. चार एकर असतील तर हिशेब उणे. आणि बटईने किंवा खंडाने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने त्याला हप्ताही नाही.

भावफरक देण्याचा मार्ग

माल न उचलता फक्त फरक द्यावा, हा पर्याय मध्य प्रदेशने २०१७ मध्ये भावांतर योजनेतून आजमावला. पैसे ठरावीक मुदतीत विकणाऱ्यालाच मिळणार असल्याने सगळा माल एकदम मंडीत आला आणि भाव आणखी घसरले. २०२५ मध्ये त्या राज्याने सोयाबीनसाठी हाच मार्ग पुन्हा धरला. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले. पण ते खात्यावर पडू लागले २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस, पुढचे पीक काढणीला आले तेव्हा. माझ्या मते भावफरक योजना खरेदीच्या जागी नको, खरेदीच्या जोडीला हवी. गोदामे आणि बारदाना यांच्या मर्यादेमुळे सगळा माल उचलता येत नाही, हे मान्य. मग उरलेल्याला फरक द्या, आणि तो त्याच हंगामात द्या.

शेतकऱ्याने काय करावे

ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद मुदतीत करा. ती नसेल तर केंद्रावर नाव लागत नाही आणि मदतही अडते. नोंदणी सुरू होताच नाव घाला, माल तयार व्हायची वाट पाहू नका. विकलेल्या प्रत्येक मालाची पक्की पट्टी घ्या. बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे का ते विचारा: कृषी पणन मंडळाच्या या योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. निकडीच्या वेळी माल फुंकून टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरे. काही समित्या ती राबवत नाहीत. तुमची राबवत नसेल तर संचालकांना जाब विचारा.

आणि येत्या हंगामाआधी, ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: आमच्या तालुक्याचे सोयाबीन खरेदी केंद्र १ ऑक्टोबरला, पुरेशा बारदान्यासह सुरू झाले पाहिजे. त्याची प्रत तहसीलदार, जिल्हा पणन अधिकारी आणि आमदारांना द्या, आणि तिच्यावर पोहोच घ्या.