रोहिणीचे पाणी आणि आपल्या जगण्याचा अर्थ

बारा तासांची ड्यूटी, घरी येऊन झोप, पुन्हा ड्यूटी. ह्याला जगणे म्हणायचे का? लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या तरुणाला हा प्रश्न पडला, तर तो तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. त्याला वेळ नाही, पदवी नाही म्हणून तो लहान होत नाही. याची तयार उत्तरे देणारी दोन दुकाने गावोगावी उघडी आहेत. एक सांगते, मागच्या जन्मीचे भोग आहेत, निमूट भोग. दुसरे मोबाइलवर चालते. ते सांगते, स्वतःवर काम कर, पैसा कमव, यशस्वी हो, बाकीच्यांचे बघू नकोस. बौद्ध तरुणाने यापेक्षा वेगळे उत्तर कुठे शोधायचे?

चूळमालुंक्य सुत्तात मालुंक्यपुत्त तथागतांना अडवतो. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मृत्यूनंतर असतात की नसतात, हे सांगा, नाहीतर मी चाललो. तथागत त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतात. बाण कोणी मारला, त्याची जात काय, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असा हट्ट धरला, तर उत्तर मिळण्याआधी माणूस मरेल. आयुष्याचा अर्थ विश्वाच्या उगमात शोधण्याचा मार्ग तिथेच बंद होतो. मग अर्थ शोधायचा कुठे?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याचे उत्तर सरळ दिले आहे. धम्माचा मध्यबिंदू माणूस आहे, आणि या पृथ्वीवरच्या जीवनात माणसाचे माणसाशी असलेले नाते आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणात वर्षावासात विहाराविहारात त्याचे वाचन होते. पण पहिल्या खंडाचा पहिला भाग आपण फार भरभर उरकतो, असे मला वाटते. जन्म, असितमुनी, विवाह, गृहत्याग, ही कथा सगळ्यांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. खरे तर बाबासाहेबांनी तिथेच परंपरेला सर्वांत मोठा धक्का दिला आहे.

परंपरा सांगते की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच विचारले आहे, एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याला या गोष्टी दिसल्याच नाहीत, असा माणूस असेल का? त्यांनी कारण दिले ते पाण्याच्या भांडणाचे. शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती रोहिणी नदीवर. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ तेव्हा संघाचा सभासद होता. त्याने विरोध केला. त्याची सूचना होती की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. पुढे त्याच्यासमोर तीन पर्याय उरले: सैन्यात जाणे, देहदंड किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती. बहिष्कार म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. घरच्यांवर झळ येऊ नये म्हणून सिद्धार्थाने स्वतः देशत्याग पत्करला.

ग्रंथातली पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. शाक्य आणि कोलीयांचा समेट झाल्याची बातमी त्याला मिळाली. आता परत जायला हरकत नव्हती. तो गेला नाही. युद्ध अधूनमधून होते, पण वर्गावर्गांतला झगडा रोज चालू असतो आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, असा विचार त्याने केला. स्वतःपुरता प्रश्न सुटल्यावरही जो थांबत नाही, त्याच्या आयुष्याला अर्थ कुठून येतो हे यात दिसते. प्रस्तावनेतला भिक्खूविषयीचा प्रश्नही याच धाग्यातला आहे. भिक्खू हा केवळ पूर्ण पुरुष असेल तर तो स्वार्थी माणूस ठरेल. तो समाजसेवक असेल तरच धम्माला आशा आहे, असे बाबासाहेब म्हणतात. मोबाइलवरच्या ‘स्वतःवर काम कर’वाल्यांना याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनीही सांगितले की अर्थ स्वतःत डोकावून सापडत नाही, तो हाती घेतलेल्या कामात आणि दुसऱ्या माणसात सापडतो. बाबासाहेब त्यापुढे जाऊन त्या दुसऱ्या माणसाशी आपले नाते न्यायाचे आहे का, हे विचारतात.

लोट्याहून मुंबईकडे निघाले की कशेडी घाटापलीकडे पोलादपूर आणि मग महाड. तिथेही प्रश्न पाण्याचाच होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. तळ्याचे पाणी प्यायले गेले २० मार्च १९२७ रोजी, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ मध्ये. खोतीचेही तसेच. बाबासाहेबांनी विधेयक मांडले १९३७ मध्ये, कायदा झाला १९४९ मध्ये. त्या सत्याग्रहातल्या अनेकांनी निकाल पाहिलाही नसेल. म्हणून त्यांचे आयुष्य निरर्थक ठरले असे कोण म्हणेल?

आता लोट्याचे पाणी. इथल्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी दाभोळ खाडीपर्यंत पोचते, आणि खाडीवर पोट असलेला मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करतो आहे. वसाहतीने सुमारे ११ हजार रोजगार दिले, पण मासेमारीवरचे सुमारे २० हजार लोक बेरोजगार झाले, हे माधव गाडगीळ यांनी वारंवार मांडले. त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचा अहवाल २०११ चा आहे. कामगार म्हणतो, कंपनी बंद पडली तर खाऊ काय? मच्छीमार म्हणतो, खाडी मेली तर आम्ही काय खायचे? दोघांचेही खरे आहे. शाक्य आणि कोलीय असेच समोरासमोर उभे होते, आणि त्यांना झुंजवणाराही तेव्हा होताच. सिद्धार्थाने बाजू घेतली नाही असे नाही. त्याने युद्धाच्या विरुद्ध बाजू घेतली आणि बसून तंटा मिटवण्याची रीत पुढे ठेवली.

मग नोकरी सोडायची का? सम्यक आजीविकेचा असा सोपा अर्थ काढणाऱ्यांचे घर बहुधा दुसऱ्या कुणाच्या पगारावर चालत असते. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: कामगाराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या खात्याच्या कामातूनच १९४६ मध्ये कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. २० मार्च २०२१ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, लोट्यातल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. त्या दिवशी आपल्यापैकी किती जण चवदार तळ्यावर होतो आणि किती जण त्या कामगारांच्या घरी गेलो? सुरक्षेची साधने मागणे, रात्री नाल्यात काय सोडले जाते याची नोंद ठेवणे, कंत्राटी कामगाराला संघटनेत घेणे, हे सगळे धम्माचेच काम आहे. एकट्याने केले तर नोकरी जाईल. म्हणून संघ.

येत्या वर्षावासात खेड आणि चिपळूण तालुक्यांतल्या गावशाखांनी रोहिणीचा भाग सावकाश वाचावा. त्या दिवशी खाडीकाठच्या भोई वस्तीतल्या माणसांनाही विहारात बोलवावे आणि आधी त्यांचे ऐकावे. मग सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात मागवावेत. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावा, अर्जावर एकाचे नाव असले तरी सोबत दहा जण जावेत, आणि आलेले उत्तर मराठीत लिहून विहाराच्या फलकावर लावावे. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला फी लागत नाही.